सोंग, ढोंग आणि फ्लेक्सची वरची पट्टी

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या स्नेहसंमेलनाचा फ्लेक्स करून घ्यायला नारायण पेठेतल्या एका दुकानात गेलो होतो. महापालिकेचे अर्ज भरायची धांदल चालू होती, त्यामुळे दुकानात उभं राहायला जागा नव्हती. संगणकावर बसलेला मुलगा एका इच्छुकाचं काम करत होता. मधे हात जोडलेला फोटो, खाली ‘शुभेच्छुक : समस्त मित्रपरिवार’, आणि सगळ्यात वर नेत्यांच्या चेहऱ्यांची रांग. मुलाने एक बटण दाबलं, वरची रांग बदलली. परत दाबलं, तिसरीच रांग आली. खालचा माणूस तोच, हसू तेच, ‘आपला माणूस, हक्काचा माणूस’ ही ओळही तीच.

“हे काय रे?” मी विचारलं.

“वरची पट्टी आहे काका. भाऊंचा एबी फॉर्म कुठून येतोय ते रात्री कळणार. तिन्ही करून ठेवायला सांगितल्यात. फायनल होईल ती छापायची.”

एबी फॉर्म म्हणजे ‘हाच आमचा अधिकृत उमेदवार’ असं पक्षाने निवडणूक अधिकाऱ्याला लिहून द्यायचा कागद. तो मिळाला तर पक्षाचं चिन्ह मिळतं, नाही मिळाला तर अपक्ष. भाऊंची विचारसरणी त्या रात्रीपर्यंत संगणकात तीन फायलींत पडून होती.

त्यानंतरच्या महिनाभरात कट्ट्यावर, रिक्षात, बँकेच्या रांगेत एकच प्रश्न ऐकू आला : काल एकमेकांना शिव्या घालणारे आज गळ्यात गळे कसे घालतात, आणि याची कुणाला लाज कशी वाटत नाही? प्रश्न रास्त आहे, पण ‘राजकारणी असलेच’ एवढ्या उत्तराने काहीच कळत नाही. ही माणसं आपल्याच गल्लीतून गेलेली असतात. मग तिथे गेल्यावर असं काय होतं, ते जरा सावकाश पाहू.

सोंग वेगळं, ढोंग वेगळं

मराठीत यासाठी दोन शब्द आहेत, ही आपली सोय आहे. बहुरूपी पोलिसाचा वेष करून दारात येतो, तुमच्या नावाने वॉरंट असल्याचं ठणकावून सांगतो, आणि आपण हसत दहा रुपये देतो. ते सोंग. हा पोलीस नाही हे त्यालाही माहीत आहे आणि आपल्यालाही. तोच माणूस तोच वेष घालून चौकात गाड्या अडवून पावत्या फाडायला लागला, तर ते ढोंग.

राजकारणातल्या सोंगाला हल्ली ‘प्रतिमा व्यवस्थापन’ असं भारदस्त नाव आहे. लोकांनी आपल्याला कसं पाहावं याची आखणी करायची, एवढाच त्याचा अर्थ. यात मुळात वाईट काही नाही. लग्नाच्या बायोडाटावर कुणी आधार कार्डावरचा फोटो लावत नाही. चांगल्यातला चांगला फोटो लावतो, ‘मनमिळाऊ’ लिहितो, आणि समोरचेही ते तेवढ्याच भावाने वाचतात. पण नोकरी सहा महिन्यांपूर्वी सुटली आहे हे लपवून ‘आयटी कंपनीत कार्यरत’ लिहिलं, तर मामला बदलतो.

ढोंग ठरायला माझ्या मते तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात. लोकांना एक नियम सांगितला, स्वतः तो मोडला, आणि मोडल्याचं झाकून ठेवून पुन्हा तोच नियम लोकांना सांगत राहिलं. नुसता नियम मोडला तर तो कमकुवतपणा. झाकलं नाही तर फार तर निगरगट्टपणा म्हणू. तिन्ही जमलं की ‘लोका सांगे ब्रह्मज्ञान’.

पुण्याने हे आधीही पाहिलंय

१८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने शहरातली बडी मंडळी जमली. समोर चहा-बिस्किटं आली. न्यायमूर्ती रानडे होते, टिळकही होते. मिशनऱ्याच्या हातचा चहा म्हणजे धर्म बुडाला, असा तो काळ. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, यांनी हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली आणि शहरात भडका उडाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. पुढे रानड्यांनीही प्रायश्चित्त घेतलं, आणि त्यांच्या सुधारक मित्रांनाच ते जास्त लागलं.

रानड्यांवर हा वार पहिल्यांदा झाला नव्हता. विधवाविवाहाचा जाहीर पुरस्कार करणाऱ्या या माणसाने १८७३ मध्ये पहिली पत्नी गेल्यावर वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. त्या पुढे रमाबाई रानडे म्हणून मोठ्या झाल्या आणि पुण्यात सेवासदन उभं राहिलं, पण त्या लग्नाचा ठपका पुसला गेला नाही. आणि पुसला जायलाही नको.

हे उकरून काढायचं कारण असं, की बोलणं आणि वागणं यांतली फट मोठ्या माणसांतही असते. ती कुठून पडते हे त्या चहात स्वच्छ दिसतं : एकाच माणसाला दोन जमावांसमोर उभं राहायचं होतं. मिशनमध्ये चहा नाकारणं असभ्य, आणि वाड्यात तो प्यायल्याचं कबूल करणं महाग. तरी रानड्यांची फट घरातली आणि जातीतली होती, तिच्यावर कुणी सर्व्हे करून रंग ठरवला नव्हता.

एक तोंड, हजार कान

पक्ष म्हणजे काय, तर एकाच पाटीखाली अनेक गिऱ्हाइकं सांभाळणारं दुकान. कोपऱ्यावरचा वाणी एका ताईला सांगतो, “हा तांदूळ जुना आहे, मोकळा होतो,” आणि दुसऱ्या आजींना सांगतो, “हाच घ्या, मऊ होतो.” पोतं एकच. दोघी एकाच वेळी दुकानात आल्या नाहीत तोवर त्याचं चालून जातं. पक्षालाही बांधकाम व्यावसायिक हवा असतो आणि टेकडी वाचवणाराही, फेरीवाला हवा आणि पदपथ मोकळे मागणाराही. पूर्वी कोथरूडची सभा कोथरूडात राहायची. आता तिचं रील संध्याकाळी कोंढव्यात पोहोचतं, आणि दोघी एकदमच दुकानात येतात.

त्यात आपल्याकडे निवडणुका तीन मजल्यांच्या. दिल्लीत एक दोस्ती, मुंबईत दुसरी, पुण्यात तिसरी. जानेवारी २०२६ च्या महापालिका निवडणुकीत भाजप आणि अजित पवारांची राष्ट्रवादी राज्यात एकाच सरकारात बसून पुण्यात समोरासमोर लढले, आणि राष्ट्रवादीचे फुटलेले दोन्ही गट इथे हात मिळवून उतरले. अशा वेळी ‘मैत्रीपूर्ण लढत’ हा शब्द वापरतात. नातेवाइकांत वाटणीचा दावा चालू असताना एकत्र गणपती बसवतात ना, तसंच काहीसं.

कार्यकर्त्याच्या बाजूने हे बघायला हवं. वरती पंधरा मिनिटांत पत्रकार परिषद होते आणि खाली त्याला दहा वर्षांची भांडणं एका रात्रीत गिळावी लागतात. ज्याच्या घरासमोर घोषणा दिल्या त्याच्याच प्रचाराची पत्रकं वाटायची. नेत्याला बाजू बदलण्यासाठी निदान मंत्रिपद मिळतं, याला मिळतो बिल्ला. या सगळ्यात ज्याचं हसू सगळ्यात अवघडलेलं असतं, तो माणूस फ्लेक्सवर नसतोच.

प्रतिमेचा कारखाना कसा चालतो

आजकाल बहुतेक मोठे पक्ष निवडणुकीसाठी सल्लागार संस्था नेमतात. त्यांचं काम ऐकायला जादूचं वाटतं, पण पद्धत साधी आहे. सर्व्हे करायचा, लोकांच्या तोंडी आधीच असलेला शब्द शोधायचा, तो नेत्याच्या तोंडी घालायचा, आणि मग सगळीकडे एकच रंग, एकच ओळ, एकच मुद्रा. २०२४ च्या विधानसभेआधी अजित पवार अचानक गुलाबी जाकिटात दिसू लागले, ते याच हिशेबातून. महिला मतदारांवर डोळा होता आणि ते कुणी लपवलंही नाही. माझ्या व्याख्येत हे सोंग झालं. जाकिटाने कुणाला फसवलं नाही.

त्याच वर्षीची लाडकी बहीण योजना बघा. सरकारी कागदावर नाव ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’. राष्ट्रवादीच्या जाहिरातींत त्यातला ‘मुख्यमंत्री’ गळाला, भाजपच्या फलकांवर ‘देवाभाऊ’ आले, तेव्हा मुख्यमंत्री असलेल्या शिंदे यांच्या बाजूने अर्थातच ‘मुख्यमंत्री’ ठळक. महिन्याचे दीड हजार रुपये तिजोरीतून, म्हणजे तुमच्या-माझ्या करातून, आणि ओवाळणीच्या ताटावर तीन भाऊ. याच्या आदल्या वर्षी, जून २०२३ मध्ये, ‘राष्ट्रामध्ये मोदी, महाराष्ट्रामध्ये शिंदे’ अशी पानभर जाहिरात आली. त्यात फडणवीसांचा फोटो नाही, बाळासाहेबांचाही नाही. गदारोळ झाला आणि दुसऱ्याच दिवशी दुरुस्त जाहिरात आली, त्यात दोघेही होते. नारायण पेठेतला मुलगा जे बटण दाबत होता, तेच बटण, फक्त पानभर आकाराचं.

वरच्या पट्टीतल्या फोटोची किंमत किती असते, याचा दाखला थेट सर्वोच्च न्यायालयात आहे. राष्ट्रवादी फुटली, निवडणूक आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये नाव आणि घड्याळ अजित पवार गटाला दिलं, पण प्रचारात शरद पवारांचे फोटो वापरले जात असल्याची तक्रार झाली. न्यायालयाने मार्चमध्ये त्या गटाला फोटो आणि नाव न वापरण्याची हमी द्यायला लावली, आणि घड्याळ वापरताना ‘प्रकरण न्यायप्रविष्ट आहे’ असं जाहीर करायला सांगितलं. पक्ष सोडला, पण चेहरा सोडवेना. विचारांवर एवढी मालकी सांगत कुणी कोर्टात गेल्याचं ऐकिवात नाही.

मग ढोंग नेमकं कुठे सापडतं?

आपल्याकडे म्हणतात, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. म्हणून मी भाषणं ऐकणं कमी करून नियमांच्या फटी बघायला लागलो. कुठल्या नियमाला कुठे भोक ठेवलंय आणि ते बुजवायला सगळे पक्ष एकमुखाने का तयार नाहीत, हे पाहिलं की बरंच कळतं.

पहिली फट खर्चाची. विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख आणि मोठ्या राज्यांत लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख रुपयांची खर्चमर्यादा आहे. चहाचा दर, खुर्चीचं भाडं, सगळं मोजलं जातं. पण पक्षाने स्वतःच्या सर्वसाधारण प्रचारावर केलेल्या खर्चाला मर्यादाच नाही. लग्नात ठरलं, की मुलाच्या बापाने शंभरच पानं वाढायची, मात्र मामाने गावजेवण घातलं तर ते मोजायचं नाही. बाप नियम पाळणारा, मामा दिलदार, आणि मांडव दोघांचा मिळून एकच. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं, की पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही उमेदवाराच्याच खात्यात धरा. त्याच वर्षी कायदा बदलून तो निकाल निष्प्रभ करण्यात आला. तेव्हा सत्ता काँग्रेसची होती. नंतर जनता पक्षाची आली, आघाड्यांची आली, भाजपची आली. नियमात थोडी डागडुजी झाली, मामा मात्र अजून मोजणीबाहेर आहे.

दुसरी फट देणग्यांची. २०१८ मध्ये निवडणूक रोखे आले. रोखे म्हणजे स्टेट बँकेतून विकत घेऊन पक्षाला द्यायची हुंडी, आणि देणाऱ्याचं नाव मतदाराला कळणार नाही अशी सोय. सांगितलं गेलं, की याने व्यवहार स्वच्छ होतील. सर्वाधिक रक्कम भाजपला मिळाली. योजनेवर सडकून टीका करणाऱ्या काँग्रेसनेही रोखे घेतले आणि वटवले. टीका खरी होती, पैसेही खरे होते. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाने ते घेतले नाहीत आणि उलट कोर्टात आव्हान दिलं, ही नोंद इथे करायलाच हवी, कारण ‘कुणालाच शक्य नव्हतं’ हा बचाव त्याने बाद होतो. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने योजना घटनाबाह्य ठरवली.

तिसरी मला सगळ्यात आवडते. माहिती अधिकाराचं श्रेय घेण्यात एकही पक्ष मागे नसतो. जून २०१३ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने सहा राष्ट्रीय पक्षांना सांगितलं, की तुम्हीही या कायद्याखाली येता, माहिती अधिकारी नेमा. काँग्रेस, भाजप, राष्ट्रवादी, बसप, दोन्ही कम्युनिस्ट पक्ष. एकमेकांच्या सावलीला न उभे राहणारे हे सहाही जण या एका बाबतीत खांद्याला खांदा लावून उभे राहिले. कुणीही अधिकारी नेमला नाही. रोख्यांच्या बाबतीत ताठ उभा राहिलेला पक्षही इथे त्याच रांगेत आहे, हे जाता जाता लक्षात घ्या.

सरकारी जाहिरातींतल्या फोटोंचंही तसंच. मे २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सरकारी पैशाच्या जाहिरातींत राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश यांच्याशिवाय कुणाचा फोटो नको. पश्चिम बंगाल, तामिळनाडू, कर्नाटक आणि केंद्र अशी चार पक्षांची सरकारं ‘फेरविचार करा’ म्हणून धावली. मार्च २०१६ मध्ये मुख्यमंत्री आणि मंत्र्यांचे फोटो परत आले.

आणि आपले लाडके फ्लेक्स. शहर विद्रूप करणं हा महाराष्ट्रात १९९५ च्या कायद्याने गुन्हा आहे. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सविस्तर आदेश दिले. आमचे कार्यकर्ते बेकायदा फलक लावणार नाहीत, अशी लेखी हमी राजकीय पक्षांनी कोर्टाला दिली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच न्यायालयाला पक्षांना विचारावं लागलं, की तुमच्यावर अवमानाची कारवाई का करू नये. या दोन तारखांच्या मधे अलका टॉकीजच्या चौकात उभं राहून कुणीही वर पाहिलं असतं, तर उत्तर तिथेच लटकलेलं होतं.

पण मत बदलणं म्हणजे ढोंग का?

नाही, आणि हा आक्षेप गंभीर आहे. तेच तेच पन्नास वर्षं बोलणारा माणूस प्रामाणिक असेलच असं नाही, तो नुसता बहिराही असू शकतो.

मी यासाठी एक साधी युक्ती वापरतो : मधलं वाक्य शोधायचं. आधीचं विधान आणि आताचं विधान यांच्यामध्ये ‘आम्ही तेव्हा असं म्हणत होतो, पण अमुक कारणाने आता तसं वाटत नाही’ असं एखादं वाक्य आहे का? असेल तर मत बदललं. नसेल, आणि जुनं विधान कधी झालंच नव्हतं असा आव असेल, तर समजून घ्या.

लावून पाहू. जुलै २०२२ मध्ये पंतप्रधानांनी बुंदेलखंडात मोफत वाटपाच्या ‘रेवडी’ संस्कृतीवर टीका केली. दोन वर्षांनी महाराष्ट्रात त्यांचाच पक्ष सामील असलेल्या सरकारने दीड हजार रुपये सुरू केले आणि निवडणुकीत एकवीसशेचं आश्वासन दिलं. योजनेने तिजोरी रिकामी होईल म्हणणाऱ्या महाविकास आघाडीने तीन हजारांचं. रोख मदत चांगली की वाईट, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येतं, मी स्वतः तिच्या फारसा विरोधात नाही. घरकाम करणाऱ्या बाईच्या हातात तिच्या नावाचे पैसे येणं ही लहान गोष्ट नव्हे. माझा प्रश्न मधल्या वाक्याचा आहे. ते दोन्हीकडून आलं नाही.

२७ जून २०२३ ला भोपाळच्या भाषणात पंतप्रधानांनी राष्ट्रवादीवर ७० हजार कोटींच्या घोटाळ्यांचा आरोप केला आणि २ जुलैला त्याच पक्षाचा मोठा गट मुंबईत भाजपबरोबर सरकारात आला. मधले पाच दिवस. आरोप खोटे असतील तर माफी हवी होती, खरे असतील तर शपथविधी नको होता. दोन्हींपैकी एकही वाक्य आलं नाही. उलट २०१९ मध्ये शिवसेना, काँग्रेस आणि राष्ट्रवादी एकत्र आले, तेव्हा किमान समान कार्यक्रम नावाचा एक कागद तरी होता. तो कागद त्यांच्या आधीच्या तीस वर्षांच्या भाषणांचं उत्तर देत नव्हता, म्हणून मी त्याला अर्धं वाक्य म्हणेन. पास करण्याइतके गुण नाहीत, पण पेपर कोराही नाही.

‘तुमच्या वेळी काय झालं होतं?’

हे टीव्हीवर रोज ऐकता. दुसऱ्याचा मळका शर्ट दाखवल्याने आपला धुतला जात नाही, यापलीकडे त्यावर वेळ घालवण्यासारखं काही नाही. मात्र एक उपयोग होतो : दोन्ही बाजूंचे प्रवक्ते एकमेकांचे जुने व्हिडिओ खोदून काढतात आणि आपलं काम फुकटात होतं.

थोडंफार ढोंग समाजाला लागतंच ना?

हा आक्षेप मला पूर्वी पळवाट वाटायचा. आता तितकासा वाटत नाही. लपवावंसं वाटतं, याचा अर्थ लाज शिल्लक आहे, आणि लाज असली की कागद तयार होतो. फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पक्षांना सांगितलं, की गुन्हे दाखल असलेला उमेदवार दिलात तर तोच का निवडला, स्वच्छ माणूस का मिळाला नाही, हे निवडीनंतर ४८ तासांत जाहीर करा. आणि ‘तो निवडून येऊ शकतो’ हे कारण चालणार नाही. हा नमुना सी-७. पक्ष त्यात लिहितात, की उमेदवार लोकप्रिय आहे, समाजकार्य करतो, गुन्हे राजकीय सूडातून दाखल झालेत. वाचून हसू येतं. पण दहा मतदारसंघांत शब्द न शब्द तेच कारण लिहिलेलं दिसलं, की शोध कितपत घेतला असेल ते आपल्याला कळतं, आणि त्याखाली पक्षाची सही असते. आदेश नीट न पाळल्याबद्दल ऑगस्ट २०२१ मध्ये बिहार निवडणुकीसंदर्भात न्यायालयाने अनेक पक्षांना दंडही केला. मला यापेक्षा भीती वाटते ती ‘हो, गुन्हे आहेत, मग काय करता?’ असं हसत म्हणणाऱ्याची. तो ढोंगी नाही. आणि त्याच्या साफ बोलण्याचं कौतुक करणारे आपल्यात वाढत आहेत.

आणि आपण?

मार्च २०२२ ला पुणे महापालिकेची मुदत संपली आणि पुढे जवळजवळ चार वर्षं नगरसेवकच नव्हते. पण ‘भावी नगरसेवक’ होते. त्या काळात आमच्या भागात खेळ पैठणीचा झाले, दिवाळी पहाट झाल्या, ज्येष्ठांच्या बसगाड्या देवदर्शनाला गेल्या, दारोदार उटण्याची पाकिटं आली. शेजारच्या इमारतीतल्या काकू सकाळी फ्लेक्सने सिग्नल झाकला म्हणून तावातावाने बोलल्या आणि संध्याकाळी त्याच भाऊंच्या कार्यक्रमात सोन्याची नथ जिंकून आल्या. त्यांना दोष द्यायचा माझा विचार नाही. भाऊ हिशेब बरोबर करतो : फ्लेक्सचा राग तासभर टिकतो, नथ कायम राहते.

बाकावरच्या पाट्यांचं तेच. ‘संकल्पना : मा. नगरसेवक अमुक, यांच्या विकासनिधीतून.’ महापालिकेच्या अंदाजपत्रकात प्रभागातल्या छोट्या कामांची एक यादी असते, तिला ‘स’ यादी म्हणतात, पैसा तिथला, म्हणजे मिळकतकराचा. आचारसंहिता लागली की पालिकेचे कर्मचारी ही नावं कागद चिकटवून झाकतात. आमच्या बागेतल्या बाकावर चिकटवलेला कागद दोन दिवसांत पाठ टेकून टेकून मधोमध फाटला, आणि फक्त आडनाव उघडं राहिलं. तेवढं पुरतं.

माझ्यापुरतं सांगायचं तर त्या दिवशी दुकानात मुलाने विचारलं होतं, “काका, खाली परवानगीचा नंबर टाकायचाय ना?” फ्लेक्स सोसायटीच्या फाटकाबाहेर, रस्त्याच्या खांबाला बांधायचा होता. परवानगी आम्ही काढलीच नव्हती. दोनच दिवसांचा तर प्रश्न आहे, असं मी म्हणालो. हे वाक्य मी याआधी कुठे ऐकलंय ते तेव्हा आठवलं नाही.

रात्री अकराच्या सुमाराला त्याचा फोन आला. स्नेहसंमेलनाचा मांडव आणि खुर्च्या ज्यांनी पाठवल्या, त्यांचा फोटो सौजन्य म्हणून टाकायचं कमिटीत ठरलं होतं. ते हेच भाऊ.

“काका, वरची पट्टी कुठली घेऊ? त्यांचं अजून काही कळेना.”

कमिटीच्या ग्रुपवर विचारलं. पाच मिनिटांत एकमताने उत्तर आलं : पट्टी नको, आपण राजकारणापासून लांब आहोत. भाऊंचा फोटो तेवढा जरा मोठा घ्या.